बाबांची शिंक

आज सकाळी बाबा शिंकले. शिंक त्यांची जुनीच, गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारी. पण गेले दोन महिने ते तोंडावर टॉवेल दाबून शिंकत होते. पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगली होती, आणि ती फुटेल या धास्तीने आम्ही त्यांच्या शिंकेलासुद्धा घाबरायचो.

मग डॉक्टरांनी जांघेतून आत स्टेंट सरकवला, कापडी अस्तराची जाळीदार नळी. काल तपासून ते म्हणाले, "फुगा अजून आहे, पण रक्त आता नळीतून वाहतंय. फुग्यावरचा दाब उतरलाय."

"म्हणजे टायरला आतून गेटर टाकलात," बाबा म्हणाले. त्यांचं आयुष्य सायकलच्या दुकानात गेलं. फाटकं टायर बाहेरून तसंच दिसतं, पण आत लावलेल्या तुकड्याच्या जिवावर चालत राहतं.

धास्तीचंही तसंच असावं. ती जागची हलत नाही. तिच्या आतून वाट काढून दिवस वाहू लागतात.

सकाळी चहा ओतता ओतता आई म्हणत होती, "आता काही भीती नाही हो." तेवढ्यात ती शिंक आली. कपात पडणारी चहाची धार जराही हलू न देता आई म्हणाली, "बघा, बोलता बोलता शिंक आली. म्हणजे सत्य आहे."