रिकामी ठेवलेली जागा

त्याचं नाव मी विचारलंच नाही. वणीच्या एका दवाखान्यात दाढ दाखवायला गेलो होतो, तिथे तो शेजारी बसला होता. कोळशाच्या ट्रकांचे पाटे, म्हणजे चाकांवर भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बदलणारा मिस्त्री. हातांना रॉकेलचा वास. सोबत बारा वर्षांची मुलगी, ओढणी तोंडावर धरून बसलेली.

न विचारताच तो सांगू लागला. ती सहा वर्षांची असताना तिची दुधाची दाढ किडली, म्हणून काढली. "डॉक्टर म्हणे, जागा धरून ठेवाले तार बसवू. मी म्हटलं, दुधाची दाढ तं पडणारच हाये, तिच्यापायी तार कायले?"

मग मागची पक्की दाढ पुढे सरकली. नव्या सुळ्याला जागा उरली नाही, तो वर हिरडीतूनच वाकडा आला. आता दातांवर दात बसत नव्हते. सांगताना तो दोन्ही पंजे एकमेकांवर बसवून बघायचा आणि सोडवायचा.

"पाटा काढला का मी तिथं लाकडाचा ठोकळा देतो, भाऊ. नाई तं गाडी खाली बसते. रोज देतो. पोरीच्या वक्ताले नाई सुचलं."

मीही तारेला नाहीच म्हटलं असतं.

त्यांचा नंबर आला. दारातच त्याने खिशातून बेअरिंगची डबी काढली. आत कापसात ती इवलीशी दाढ होती.

"डॉक्टरसाहेब, हेच परत बसवता येईन का?"

डॉक्टर काही बोलण्याआधी मुलगीच ओढणीआडून म्हणाली, "अब्बा, ते आता मले लहान होईन."