थांबायची शिकवणी

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा साध्या शाळांनी तिच्यासारख्या मुलांनाही घ्यावं, असा वरून हुकूम निघाला होता. तिला ऑटिझम आहे हे कळून आम्हाला दोन वर्षं झाली होती. शनवारा पेठेतल्या शाळेच्या मोठ्या बाईंनी अर्ज घेतला, पण अट घातली. "आठ दिवस बघू. सुट्टीत हिनं दुसऱ्यांच्या डब्यात हात घातला, तर बाकीचे पालक माझ्या डोक्यावर बसतील."

हात ती घालायचीच. खायचं दिसलं की तिला दम निघत नसे. एका लग्नाच्या पंगतीत तिनं शेजारच्या पानातली जिलेबी उचलली, तेव्हा मी तिला फटका दिला होता. त्याची लाज मला अजून वाटते.

शाळेला दीड महिना होता. मी हट्टाला पेटले. घरात रोज देवाला नैवेद्य असतोच, म्हणून तिथंच शिकवणी लावली. बुधवाऱ्याच्या बाजारातून खव्याची मावा जिलेबी आणायची, तिची वाटी तिच्यासमोर ठेवायची, "थांब" म्हणायचं, वाटीभोवती पाणी फिरवायचं, हात जोडायचे आणि मग "घे". सुरुवातीला तीन आकडे मोजेपर्यंतच. ती किंचाळायची, वाटी उलटायची. दोनदा तर मीच वाटी आपटली. हळूहळू ती अख्खी आरती संपेपर्यंत बसू लागली, माझ्या हाताकडे टक लावून. सासूबाई म्हणाल्या, "सुधरली वं पोरगी." मला मात्र धीर नव्हता. घरात एकच वाटी, शाळेत तीस डबे.

पहिल्या दिवशी तिला सोडून राजपुऱ्यात घरी आले आणि नुसत्या येरझाऱ्या घातल्या. भाजी करपली. फोन वाजला की धावत जाऊन उचलायचे. एक फोन चुकीच्या नंबरचा निघाला, त्या माणसाला मी उगाच झापलं.

सुटायच्या अर्धा तास आधीच शाळेत पोचले. बाकीची मुलं अंगणात खेळत होती. मोठ्या बाई हसत आल्या. "ताई, तुम्ही फालतू घाबरत होत्या. बिलकुल परेशान नाही केलं तिनं. कुणाच्या डब्याला हात नाही लावला." मला रडूच यायचं बाकी होतं. तोच त्या म्हणाल्या, "स्वतःच्याही नाही. भूक नसेल तिला."

वर्गात ती एकटी बसली होती. डबा उघडा, गूळ-पोळी तशीच, दोन्ही हात मांडीवर. जेवणाची सुट्टी संपून दोन तास झाले होते. मी दिसताच तिनं चेहऱ्याकडे नाही, माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

पाणी कुणी फिरवलंच नव्हतं. दीड महिना मी तिला थांबायला शिकवलं. मी नसताना ते थांबणं संपवायचं कसं, हे शिकवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

बाटलीतलं पाणी हातावर घेऊन मी डब्याभोवती फिरवलं. "घे" म्हटलं. ती दोन्ही हातांनी खाऊ लागली. पोळी संपली तरी तिची भूक भागली नव्हती. शेजारच्या बाकावर कुणाचा तरी डबा उघडाच होता. तिनं त्यात हात घालून अर्धा लाडू उचलला आणि तोंडात कोंबला.

मोठ्या बाई दारातून बघत होत्या. मी तिला "थांब" म्हटलं नाही.