मावशींना म्हणे हिब्रू बोलून दाखवा

मंडळी, आत्ताच घरी आलेय आणि अजून डोकं शांत झालेलं नाही.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरजवळ युरोपातल्या ज्यू वारशाचं प्रदर्शन लागलंय. शेजारच्या एलिझामावशींना घेऊन गेले होते. मावशी अलिबागच्या बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. पोलंडमधल्या जुन्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांच्या फोटोंसमोर त्या बराच वेळ थांबल्या, ओठांत प्रार्थना पुटपुटत.

तेवढ्यात तिथला व्हॉलंटियर आला. "तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?"

"मी जन्मानेच ज्यू आहे. भारतातली."

तो हसला. "खरंच? मग जरा हिब्रू बोलून दाखवा ना."

"मी इथे परीक्षा द्यायला आले नाही," मावशी म्हणाल्या आणि पुढच्या फोटोकडे वळल्या.

मी मॅनेजरबाईंकडे कम्प्लेंट केली. त्या म्हणाल्या, "त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हो." माफी कुणीच मागितली नाही.

गाडीत मावशी एवढंच बोलल्या, "अलिबागला हे मला कधी कुणी विचारलं नाही गं."

मनात वाईट नसलं की कुणालाही 'तू आमचीच आहेस हे सिद्ध कर' म्हणायचं? सांगा, मी गप्प बसायला हवं होतं का?