अक्काच्या नजरेखालून

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात मिस्त्रीचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण थोरल्या बहिणीला विचारल्याशिवाय हा गडी साधा शर्टसुद्धा घेत नसे. पन्नाशी उलटली तरी तेच. दुरुस्तीचे व्हिडिओ करायला लागला, तेव्हाही प्रत्येक व्हिडिओ आधी परगावी अक्काला जायचा. तिचा होकार आला की मगच चॅनलवर. त्या व्हिडिओंच्या जिवावर दुकानात गिऱ्हाईक वाढलं आणि मिस्त्रीची कॉलर ताठ झाली.

अशात एके दिवशी चॅनलवाल्यांचा संदेश आला, की तुमचे व्हिडिओ दुसऱ्याच्या चॅनलवरून उचललेले आहेत, रविवारपर्यंत काय ते निस्तरा, नाहीतर चॅनल बंद.

मिस्त्रीच्या पायाखालची जमीनच सरकली. हात स्वतःचे, टेबल स्वतःचं, आणि चोरही आपणच? त्याने घाईघाईने व्हिडिओंची नावं बदलली. पकडला गेला. मग चित्र उलटं केलं, मशीनचं उजवीकडचं चाक डावीकडे नेलं. तरी पकडला गेलाच, वर डावखुऱ्या मशीनची किंमत विचारणारे फोन आले ते वेगळेच. शेवटी शेजारच्या मोबाइलवाल्याने डोक्याला हात लावून समजावलं, की तिथलं यंत्र नावबिव बघत नाही. ते प्रत्येक व्हिडिओतल्या चित्रांचा आणि आवाजाचा ठसा घेतं, बोटांचा घेतात तसा, आणि जुन्या ठशांशी ताडून बघतं. ज्याचा ठसा आधीचा, तो मालक. मग त्याने तो आधीचा चॅनल शोधून मिस्त्रीपुढे धरला. त्यावर अक्काचा फोटो होता.

फोन केला तर अक्का शांत. तिचा मोबाइल सारखा भरायचा, म्हणून आलेला व्हिडिओ ती त्या चॅनलवर ठेवून द्यायची, कपाटात ठेवावा तसा, आणि मग निवांत बघून होकार कळवायची. ते सगळ्या जगाला दिसतंय हे तिच्या गावीही नव्हतं. पुसते म्हणाली, पण पुसायचं कसं ते तिला येईना. रविवारी सकाळी मिस्त्री तिच्या दारात हजर.

त्याने दाखवलं, ती बसली. पण प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत बघेन आणि मगच पुसेन, हा तिचा हट्ट. मिस्त्री घड्याळाकडे बघून घामाघूम झाला. ऊन कललं तेव्हा कुठे एकच उरला. त्यात मिस्त्रीच्या बोटात सुई घुसते आणि हा एवढा मोठा बाप्या कळवळून "अक्के!" म्हणून ओरडतो. तेवढा भाग कापायचा कसा ते मिस्त्रीला ठाऊक नसल्याने तो तसाच राहून गेला होता. तिथे अक्काचं बोट थांबलं.

"तू फोन करतोस तो व्हिडिओ बरा झाला का विचारायला," ती म्हणाली. "मी बरी आहे का, ते कधी विचारतोस?"

मिस्त्रीला फार वाईट वाटलं. त्याने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि आपल्या चॅनलवरचा तो व्हिडिओ पुसून टाकला.

"हा तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "आणि कशी आहेस, ते सांग."

अक्काने गुडघ्यापासून सुरुवात केली, ती मिस्त्रीची परतीची बस चुकली तरी थांबली नाही.