अक्षराची पाठ

दुपारच्या तिरप्या उन्हात धूलिकण तरंगत होते आणि त्या सोनेरी धुळीतून एका माणसाचा हात डावीकडून उजवीकडे संथपणे सरकत होता. हातात ब्रश नव्हता, समोर भिंत नव्हती, खोलीत रंगाचा वास नव्हता. तरीही डोक्याच्या वर कुठेतरी एक रेषा ओढली जात होती आणि ती तसूभरही वाकडी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

बुलढाण्यातल्या एका लहानशा उपचारकेंद्रातली ही खोली. डोळ्यांवर जाडजूड काळा चष्मा चढवायचा, हवेत चित्र काढायचं आणि काढता काढता दुखावलेलं शरीर, भेदरलेलं मन पुन्हा आपलंसं करायचं, असा तिथला उपचार. मी गेले ती मनात निषेधाचं पत्रक तयार ठेवूनच! गावात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही माणसांना आभासी जगात रमवता? हा सवाल मला अजूनही सगळाच चूक वाटत नाही.

पण तो हात वामनकाकांचा होता. धाडपासून देऊळघाटपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या आणि आमच्या आंदोलनाच्या घोषणा रंगवणारे पेंटर. वर्षभरापूर्वी आमचीच घोषणा रंगवताना ते शिडीवरून पडले. खांद्याचं हाड सांधलं, हात मात्र छातीच्या वर जाईना. हाडात आता खोट नाही, उरलंय ते भय, असं डॉक्टर सांगत. आणि भयाला प्लास्टर कोण घालणार? हात उठला नाही तर ब्रश कायमचा सुटणार, हे काकांना कळत होतं. त्यांनी बोलणंसुद्धा आवरतं घेतलं होतं.

काकू सांगत होत्या, पहिल्या दिवशी चष्म्याच्या आत ते नुसती भिंत चाचपत राहिले. उपचार करणाऱ्या शीतलने समजावलं, इथे रंग हवेवरच उमटतो. काका वैतागले, बिनभिंतीचं लिहायचं तरी कशावर? अखेर त्यांनी सवयीने आधी शिरोरेषा ओढली, छातीच्या उंचीवर, कारण हात तेवढाच जात होता. तिला अक्षरं टांगली, तर अक्षरांचे पाय काकांच्या गुडघ्याखाली गेले. असं बुटकं काम आपलं नाही म्हणत काकांनी सगळं पुसलं आणि रेषा वीतभर वर घेतली. तीही पटेना. पुन्हा पुसली. असे कित्येक आठवडे! व्यायामाला जे साधलं नाही, ते कारागिराच्या हट्टाने वीत-वीत साधत गेलं. कलेचं सामर्थ्य म्हणतात ते याहून निराळं काय असतं?

"घरी पान्याचा गिलास उचलून नाही राह्यले," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "अन् इथं पाहा, आभाय उचलून राह्यले." आभाळ उचलणाऱ्या त्या हातावरून त्यांची नजर मात्र हलत नव्हती.

रेषा पुरी झाली. तिच्याखाली काकांनी स्वतःचं नाव लिहिलं; हाताच्या वळणांवरून मला ते वाचता आलं. आजवर भिंतीच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढं लिहीत आले ते, आता पुरुषभर उंचीचं. मग ते चालत त्या नावाच्या पलीकडे गेले, वळले आणि थबकले.

"पोरी, अक्षराले पाठ बी असते वो. इतके वर्सं मले मालूमच नोयतं."

हा चष्मा तालुक्या-तालुक्यात यायला हवा, त्यासाठी मी पत्रकं काढीन, भांडेनही. पण एक गोष्ट मी कुठल्याच पत्रकात लिहिलेली नाही. काका पडले त्या दिवशी मी आधी भिंतीकडे पाहिलं होतं, घोषणेवर रंग ओघळला का म्हणून, काकांकडे नंतर. शब्द मी नेहमी समोरूनच वाचत आले. त्यांच्या मागे कोण उभं आहे, हे पाहायला मी कधी पलीकडे गेलेच नाही.

मी शीतलकडून चष्मा मागून घेतला. त्या उंच, तेजस्वी नावाला वळसा घालून मागे गेले आणि उलट उमटलेलं ते नाव एकेक अक्षर लावत, सावकाश वाचलं.