मामंजींनी शिकवलेला कुत्रा

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. लग्न होऊन मी विंझरला आले त्याच सुमारास मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, डोंगरावरच्या धनगरवाड्यातून एक कुत्रा आणला. रानडुकरं भात लोळवत होती, राखण हवी होती. कुत्रा चांगला थोराड, तांबूस, एक कान फाटलेला.

"पिल्लू आणलं असतं तर शिकलं असतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणे.

"म्या शिकवतो की," मामंजी म्हणाले.

दावं सोडलं तर तो पळाला नाही. आत्याबाईंच्या कोंबड्या त्यानं अंगणाच्या कोपऱ्यात गोळा केल्या आणि पुढ्यात राखण करत बसला. जन्मभर मेंढरं वळलेली. आमच्याकडं मेंढरं नव्हती, म्हणून सापडेल ते वळायचा. पाण्याला निघालेल्या शेजारणीसुद्धा. चावला कुणालाच नाही, पण वाट सोडून कुणाला इकडंतिकडं जाऊ दिलं नाही.

मामंजी रोज सकाळी त्याच्यापुढं काठी टेकून उभे राहत आणि म्हणत, "बस." कुत्रा डोंगराकडं बघे.

माहेरी, कामथडीला, मी गुरं राखली होती. धनगर कुत्र्याशी शिळेनं बोलतात हे मला ठाऊक होतं. एकदा मामंजी "बस" म्हणाले आणि मी परड्यात भांडी घासता घासता दातांतून लांब शीळ काढली. कुत्रा मटकन बसला. मामंजींना कमी ऐकू यायचं. ते खूश झाले.

सुनेनं शीळ घातली म्हटल्यावर गावभर बोभाटा झाला असता. मी गप्प राहिले आणि रोज शीळ घालत राहिले. मामंजी पारावर सांगू लागले, जनावराला शब्द कळतो, सांगणाऱ्याकडं जरब पाहिजे. कधी मी मुद्दाम उशीर करी. मग ते आणखी करड्या आवाजात "बस" म्हणत, आणि मग मी कुत्र्याला बसवी.

पुढं नणंदेला बघायला भोंगवलीहून पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि पांढऱ्या मिशांचे चुलते बैलगाडीतून उतरले. मी आत भज्यांचं पीठ कालवत होते. बाहेर गलका झाला म्हणून दाराआडून पाहिलं, तर कुत्र्यानं तिघांनाही रेटत रेटत शेरडांच्या वाड्यात नेलं होतं आणि स्वतः तोंडाशी उभा होता.

"बस," मामंजी म्हणाले. "बस म्हणतो ना."

कुत्र्यानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चुलत्यांचा पटका एक शेळी हुंगत होती.

आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आता घाल की शीळ."

मी पुन्हा पीठ कालवू लागले.

"मला काय कळत न्हाई व्हय? घाल."

दातांतली शीळ तिथवर पोचली नसती. मी पिठासकट दोन बोटं तोंडात घातली. कुत्रा बसला.

"शीळ कुणी घातली?" चुलत्यांनी वाड्यातून विचारलं.

आत्याबाई डोक्यावरचा पदर सारखा करत उंबऱ्यावर गेल्या. "म्या," म्हणाल्या.

मामंजी त्यांच्याकडं बघतच राहिले. चुलते इतके हसले की शेळीला धरून उभे राहिले. भजी खाताना त्यांनी मुलगी पसंत असल्याचं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मामंजी आत्याबाईंना हळूच म्हणाले, "मलाबी शिकीव की." मग आत्याबाई चुलीपाशी माझ्याकडं शिकायला आल्या. दोघी हसून बेजार झालो. त्यांच्या तोंडातून नुसती फूस निघे. शेवटी त्यांनी मामंजींना खरं काय ते सांगून टाकलं. मग मी शीळ घालायची आणि त्याच वेळी मामंजींनी "बस" म्हणायचं, असं उघडपणे ठरलं, आणि मी शीळ बारीक बारीक करत नेली तसा हळूहळू नुसत्या शब्दावरही तो बसू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून आम्ही त्याला भाकरीचा तुकडा देववला, म्हणजे माणसं ही वळायची जित्राबं नाहीत हे त्याला कळावं.

ते बरंचसं कळलं. नणंदेच्या लग्नात तो मांडवात वऱ्हाड्यांच्या पायांत निवांत पडून होता. फक्त पंगत बसल्यावर व्याही बुंदी मागायला उठले, तेव्हा त्यानं त्यांना परत पाटावर आणून बसवलं.