तोंड फिरवलेली माणसं

वसंतराव गेल्याची बातमी त्यांच्या मुलीनं, शैलानं, सकाळी दारात येऊन सांगितली. "मास्तर, बाबा गेले." मी निघालो खरा, पण शहागंजपर्यंत पोचेस्तोवर पाय जड झाले होते. दुःखानं म्हणावं तर... त्याहून जास्त लाजेनं.

महायुद्धात वसंतराव इंग्रजांच्या फौजेत फोटोग्राफर होते. परत आल्यावर शहागंजात छोटा स्टुडिओ टाकला. लग्नामुंजीचे फोटो काढायचे. युरोपातले फोटो मात्र कुणाला दाखवत नसत. मला एकदाच दाखवले. एका तुरुंगाच्या फाटकाशी उभे असलेले, हसायचं विसरलेले सैनिक; मग मोकळ्या केलेल्या छळछावण्या, तारेमागं नुसत्या हाडांची माणसं. शेवटचा फोटो शेजारच्या गावकऱ्यांचा होता. सैनिकांनी त्यांना छावणी बघायला आणलं होतं आणि निम्म्यांनी तोंडं फिरवली होती. "यातल्या एकालाबी काही ठाऊक नव्हतं म्हणं," वसंतराव म्हणाले. "धूर तर रोज दिसत व्हता." मी तावातावानं म्हणालो, "कसली माणसं ही! मी असतो तर गप्प बसलो नसतो." त्यांनी फोटो गोळा करून पाकिटात ठेवले.

पुढं पोलीस ॲक्शन झाली. निजामाची राजवट गेली, आनंद होताच. पण त्याच आठवड्यात स्टुडिओशेजारचे रहीमचाचा उचलले गेले. शेरवान्या शिवणारा शिंपी, उभ्या जन्मात कात्रीशिवाय हत्यार धरलं नाही, आणि रझाकार असल्याची कुणीतरी खबर दिली! शहराबाहेर तारेच्या कुंपणात माणसं बसवली होती, त्यांत तेही. दोघा हिंदूंनी हमीची सही दिली तर सोडतील, असं कानावर आलं. वसंतराव कागद घेऊन माझ्याकडं आले. खाली त्यांची सही होती.

"मास्तर, दुसरी तुमची."

माझी शाळेतली नोकरी नवी होती. गल्लीतले लोक काय म्हणतील, वरिष्ठ काय म्हणतील... मी म्हणालो, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी आतल्या खोलीत बसून राहिलो आणि बायकोला 'घरी नाहीत' म्हणून सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. सायकल हाणत बिडकीनला गेले आणि मेहुण्याची सही घेऊन आले. पंधरवड्यानं रहीमचाचा सुटले. त्यानंतर कितीतरी वर्षं वसंतराव मला भेटत राहिले, हाक मारून चहा पाजत राहिले. त्या कागदाचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मी तर काढणारच नव्हतो...

रहीमचाचा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. वसंतरावांना खांदा द्यायला रहीमचाचांचा मुलगा सलीम होता. सगळं आटोपल्यावर तो माझ्याजवळ आला, माझे दोन्ही हात धरले.

"मास्तर, अब्बा आखिरपर्यंत तुम्हा दोघांना दुवा देत व्हते. लई मानायचे तुम्हाला."

"मला?"

"व्हय. वसंतचाचांनीच सांगितलं व्हतं त्यांना, मास्तरांनी एका दमात सही केली म्हणून."

मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि सलीमला तो माझा विनय वाटला. 'केवढे साधे तुम्ही,' असं म्हणून तो गेला.

सलीम, हे तुझ्या वाचनात आलं तर ऐक. ती सही माझी नव्हती. मी घरातच होतो.